हवेतले बारीक कण आणि आपला युरिया

शहरातली हवा गाड्या, कारखाने, बांधकामाच्या धुळीनं बिघडते, हे खरंच. पण थोडा वाटा आपलाही आहे. पऱ्हाटी, कुटार पेटवलं की २.५ मायक्रॉनहून बारीक काजळी उडते, थेट फुप्फुसात जाते. आणि पहिली आपल्याच घरात शिरते.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ओल्या जमिनीवर युरिया फेकून तसाच ठेवला की अमोनिया उडतो, आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात जास्तच. गाड्यांच्या आणि पारससारख्या कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुरातल्या वायूंशी मिळून त्याचे हवेतच नवे बारीक कण बनतात. म्हणजे पोत्याचे पैसेही हवेत! गव्हाला युरिया मातीत मिसळून द्या, नाहीतर देऊन लगेच हलकं पाणी सोडा. पऱ्हाटीसाठी श्रेडर पाहिजे असल्यास ऑफिसात नाव सांगा.