वर्धेकाठच्या दगडांची साक्ष

पुलगावच्या आमच्या घरी दहावीतल्या मुलीने दस्तरखानावरच विचारले, "अब्बा, उत्क्रांतीचा धडा फक्त मार्कांसाठी पाठ करायचा, की खरा मानायचा?" आम्ही "आधी जेवून घे" म्हणून वेळ मारून नेली. पण मुलांच्या प्रश्नाला गप्प बसणे हे उत्तर नव्हे. म्हणून आधी दगड काय सांगतात ते पाहू.

आपल्या गावाजवळून वाहणारी वर्धा नदी पुढे चंद्रपूर जिल्ह्याकडे जाते. त्या जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे डायनासोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे दाखवले. गवत डायनासोरनंतर आले, हा जुना समज त्यामुळे बदलला. पुरावा आला की मत दुरुस्त करायचे, ही विज्ञानाची रीत.

जीवाश्मांची खरी साक्ष त्यांच्या क्रमात आहे. खालचा थर जुना, वरचा नवा. आधी मासे, मग बेडकांसारखे उभयचर, मग सरपटणारे, नंतर सस्तन प्राणी. डायनासोरच्या थरात माणसाचे हाड आजवर मिळालेले नाही. मधल्या कड्याही सापडतात. कच्छमध्ये चार कोटी वर्षांहून जुने, चार पायांचे देवमासे मिळाले. यावरून जमिनीवरचे प्राणी पाण्यात कसे गेले ते कळते.

दगडांकडे असे पाहणे आपल्याला परके नाही. प्राणी व वनस्पती दगड कसे होतात, यावर इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी लिहिले. नदीकाठचे गोटे निरखून अल-बेरुनी यांनी गंगेचे मैदान कधीकाळी समुद्र होते, असे अनुमान काढले.

शेवटी आम्ही मुलीला सांगितले, "बेटा, धडा समजून वाच. जमिनीत जे सापडले ते नाकारून ईमान मजबूत होत नाही. आदम अलैहिस्सलाम यांच्या निर्मितीचा आणि या संशोधनाचा मेळ कसा घालायचा, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. तो प्रश्न त्यांना विचारू, आम्हीही सोबत येऊ."

ती म्हणाली, "आणि पिसदुऱ्याला?"

तिथेही जाऊ, इन्शाअल्लाह.