शरणपूरची आफ्रिकी मुलं

यंदा महाराष्ट्र दिनासाठी उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या मंडळींना मी एक विषय सुचवला होता. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तो दिवसही १ मेच, साल १८७३, गाव आजच्या झांबियातलं चितांबो. त्यांचा देह समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला वाढलेली आफ्रिकी मुलं होती. उत्तर आलं, ‘मिशनऱ्यांचा विषय नको, आपल्या माणसांवर बोला.’ ते फार लागलं, म्हणून हे लिहितो आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. रेव्हरंड प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकला शरणपूर ही मिशनची वस्ती वसवली. अरबी गलबतांतून इंग्रज आरमारानं सोडवलेली गुलाम मुलं पुढे तिथं येऊ लागली, सुतारकाम-लोहारकाम शिकू लागली. १८६६ मध्ये त्यांतले नऊ जण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर गेले, १८७२ मध्ये आणखी काही. उरलेले १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळच्या फ्रिअर टाउनला. मग सगळं सामसूम.

मी शरणपूर रोडला वाढलो तो सत्तरचा काळ. बैठे बंगले होते, चिंचेची झाडं होती. शेजारच्या ख्रिस्ती घरात रेव्हरंड टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर चालत आणि नाताळच्या करंज्या लाटायला माझी आई हक्कानं जाई. त्या घराचा धर्म आमच्या आड कधी आला नाही. आता माधव नगरात चांगली शिकलेली माणसं ‘मिशन’ म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. सत्तरच्या त्या काळात मात्र माझा राग एकाच माणसावर होता, इतिहासाच्या मास्तरांवर, आणि तो अजून गेलेला नाही. स्टॅन्ली आणि लिव्हिंग्स्टन यांची भेट त्यांनी तास तास रंगवली. आमच्याच रस्त्यावर शिकलेल्या, लिव्हिंग्स्टन यांचा देह नेणाऱ्या जेकब वेनराइटचं नाव एकदाही घेतलं नाही. ते मला पुढे कॉलेजच्या वाचनालयात, एका इंग्रजी पुस्तकात भेटलं.

केवढं मोठं काम होतं ते! चितांबोला लिव्हिंग्स्टन यांच्या सोबत्यांनी त्यांचं काळीज एका झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना वाचली, बुंध्यावर नाव कोरलं. देहाला मीठ लावून, उन्हात वाळवून तो कापडात आणि झाडाच्या सालीत बांधला. पुढारी होते सुसी आणि चुमा. सुसीनं मुंबईच्या गोदीत काम केलेलं, चुमा डॉ. विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेत शिकलेला. काफिल्यात बायकाही होत्या. स्वयंपाक सांभाळणारी हलिमा त्यांतलीच. जवळजवळ हजार मैल, नऊ महिने, सगळं पायी. वाटेत उन्यान्येंबेला भेटलेल्या इंग्रज लेफ्टनंट कॅमेरन यांनी ‘इथेच पुरा’ असा सल्ला दिला, तो यांनी मानला नाही. पुढे गावकरी प्रेत नेऊ देईनात, तेव्हा ते कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून नेलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले, आणि तिथं इंग्रज अधिकाऱ्यानं पगार चुकता करून त्यांना वाटेला लावलं. हा अपमान मला आजही सहन होत नाही. देहाबरोबर इंग्लंडला गेला तो जेकब. ज्या आगबोटीनं तो साउदॅम्प्टनला उतरला तिचं नाव ‘माळवा’. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले तेव्हा दफन उरकलं होतं.

मिशननं या मुलांना इंग्रजी नावं दिली, त्यांची घरची नावं पुसली गेली. हेही मिशनच्या खात्यावर मांडलंच पाहिजे. पण म्हणून ही मुलं परकी कशी? अटकेपार गेलेल्या घोड्यांचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. नाशिकला शिकून निम्मी आफ्रिका पायी तुडवणाऱ्यांना मात्र आपल्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळत नाहीत.

जेकब १८९२ मध्ये आफ्रिकेतच, उरांबोला वारला. त्याच नाशिकच्या तुकडीतला मॅथ्यू वेलिंग्टन मोम्बासाला १९३५ पर्यंत जगला. मुंबईहून तिकडे आगबोटी जात होत्या, आपल्या देशाची हजारो माणसं तिथं राहत होती. शरणपूरला काय खात होतात, कुठली गाणी म्हणत होतात, मराठी किती आठवते, एवढं त्याला कुणीतरी विचारून मराठीत लिहून ठेवायला हवं होतं.