ओळख ना पाळख, तरी व्यवहार चोख

बिटटोरंटवरून मोठी फाइल उतरवताना आपला संगणक एकाच वेळी कितीतरी अनोळखी संगणकांशी देवाणघेवाण करत असतो. मध्ये दलाल नाही, तक्रार करायला कचेरी नाही. तरीही फाइल शेवटच्या बिटपर्यंत अचूक हाती येते. हे जमतं कसं?

सुरुवातीला जमत नव्हतंच. 2000 साली फाइल वाटण्याच्या ग्नुटेला या जाळ्याची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ 70 टक्के लोक एकही फाइल वाटत नव्हते. पुढे काझा या तशाच दुसऱ्या जाळ्याने वाटणाऱ्यांना गुण द्यायला सुरुवात केली. पण ते मोजायचा ज्याचा त्याचाच संगणक! मग काय, काझा लाइट नावाची फेरफार केलेली आवृत्ती निघाली. ती वापरणारा प्रत्येक जण बेधडक सांगे, माझे गुण 1000.

ब्रॅम कोहेनने 2001 साली बिटटोरंट आणलं ते अशा तोंडी दाव्यांना थारा न देता. फाइलचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा 20 बाइटचा गणिती ठसा आधीच नोंदवून ठेवायचा. तुकडा आला की ठसा ताडून पाहायचा. एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो आणि तुकडा बाद होतो. देणारा साधू आहे की भामटा, याच्याशी कुणाला कर्तव्यच नाही.

राहता राहिले फुकटे. कोहेनच्या रचनेत दर 10 सेकंदांनी हिशेब होतो. ज्यांच्याकडून सगळ्यात वेगाने तुकडे येतात अशा मोजक्यांनाच, साधारण चौघांना, आपले तुकडे द्यायचे, बाकीच्यांनी थांबायचं. पण नवख्याने काय करावं? त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं. सगळेच असे काटेकोर वागले तर त्याला कुणी दारातही उभं करणार नाही. म्हणून एक जागा हिशेबाबाहेर ठेवलेली असते. त्या जागी दर 30 सेकंदांनी कुणीतरी नवा येतो आणि त्याला काही न मागता दिलं जातं. या उदारपणात स्वार्थही आहे : त्यातूनच कधी आधीच्यांपेक्षा वेगवान जोडीदार सापडतो.

पण अनोळखी संगणकाची पत आधीच कळली तर? त्यासाठी 2003 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आयगनट्रस्ट ही पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येकाचा अनुभव विचारला जातो. पण ज्याची स्वतःची पत मोठी, त्याच्या शब्दाला वजन जास्त. आणि तुमची पत मोजतात जाळ्यातले दुसरेच संगणक. ते कोणते, हे तुमच्या हातात नसतं. काझाची चूक इथे दुरुस्त झाली.

तरी एक भोक उरतंच. ओळख तपासणारं कुणी मध्यवर्ती नसेल, तर एकच माणूस हजार सोंगं घेऊन स्वतःचीच वाहवा करू शकतो, हे संशोधक जॉन डाउसरने 2002 मध्ये दाखवून दिलं. शिवाय नाव खराब झालं की टाकून नवं घेता येतं. अशा वेळी बिटटोरंटमध्ये नवख्याला मिळणारा विश्वास अर्ध्या मिनिटाच्या मापाचा असतो, हेच बरं. तो बुडाला तरी कुणाचं दिवाळं निघत नाही, आणि फळला तर जाळ्याला आणखी एक देणारा हात मिळतो.