पॅमेला स्टीफनसन : प्रहसनाकडून मानसशास्त्राकडे
न्यूझीलंडमध्ये १९४९ साली जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पॅमेला स्टीफनसन ब्रिटनमध्ये घराघरांत पोहोचल्या त्या बीबीसीच्या ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’ (१९७९-८२) या प्रहसनमालिकेमुळे. रोवन अ‍ॅटकिन्सन यांच्यासह काम करणाऱ्या प्रमुख कलाकारांत त्या एकट्याच स्त्री. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्या चिकित्सक मानसशास्त्रज्ञ झाल्या. नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसायला मोठी जिद्द लागते. पती, स्कॉटिश विनोदवीर बिली कॉनली यांचे ‘बिली’ हे चरित्र त्यांनी २००१ मध्ये लिहिले. बिलींवर बालपणी वडिलांकडूनच झालेला अत्याचार त्यात आडपडदा न ठेवता येतो. पत्नीची माया आणि मानसशास्त्रज्ञाची नजर एकत्र आल्यानेच हे पुस्तक इतर तारांकित चरित्रांहून सरस ठरते.