कुंपणालगतची वाट

स्पीडवेच्या मोटारसायकलला ब्रेक नसतो आणि गिअर एकच असतो. 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, टाकीत पेट्रोलऐवजी मेथेनॉल आणि अख्ख्या गाडीचं वजन 80 किलोंच्या आतबाहेर. अशा चार गाड्या फितीपाशी ओळीनं उभ्या राहतात. फीत वर उडाली की मातीच्या लंबगोल मार्गावर डावीकडे वळत वळत चार फेऱ्या. जेमतेम मिनिटभराचा मामला. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला भोपळा.

ब्रेक नाही म्हटल्यावर वळणावर वेग आवरायचा तो मागचं चाक घसरवूनच. स्वार डावा पाय खाली सोडतो. त्या बुटाच्या तळाला पोलादी पत्रा बांधलेला असतो, तो मातीवर घासत जातो. हँडल उजवीकडे आणि गाडी मात्र डावीकडे, असा उलटा कारभार. मागच्या चाकाखालून उडालेली माती मागून येणाऱ्याच्या चष्म्यावर आदळते. म्हणून चष्म्यावर पारदर्शक पापुद्रे लावलेले असतात. एक मळला की उपटून फेकायचा. इंजिनात एरंडेलाचं वंगण वापरण्याची जुनी चाल आहे. मेथेनॉलसोबत ते जळलं की त्याचा वास गॅलरीपर्यंत पोहोचतो, आणि जुन्या प्रेक्षकांना या खेळाची आठवण येते ती आधी नाकाला.

पोलंडमध्ये हा खेळ म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. बिडगोश्च, तोरुन, लेश्नो, गोझूव्ह, झेलोना गुरा अशा गावांत फुटबॉलपेक्षा स्पीडवेच्या क्लबचा मान मोठा. बिडगोश्च आणि तोरुन ही शेजारगावं. त्यांच्या सामन्याला जुन्या भाऊबंदकीची धार असते. अशा बिडगोश्चमध्ये 1971 साली टोमाश गोल्लोब जन्मला. वडिलांच्या नजरेखाली तो तयार झाला, भाऊ यात्सेकही स्वारच. गावच्या पोलोनिया क्लबकडून खेळत त्यानं 1992 ते 1995 अशी सलग चार वर्षं राष्ट्रीय अजिंक्यपदं घेतली. पुढे त्यांची संख्या आठवर गेली.

गोल्लोबचं वेगळेपण मार्गाच्या निवडीत होतं. आतली कड जवळची, म्हणून बहुतेक स्वार तिच्यासाठी झगडतात. पण शर्यतीमागून शर्यती होतात तशी आतली माती झिजून गुळगुळीत होते आणि सुटी माती बाहेर, कुंपणाकडे साचते. तिथे अंतर जास्त, पण चाकाला पकड मिळते. ती पकड नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे चालत्या गाडीवरून ओळखायचं, तेही कुंपण हातभर अंतरावर असताना. गोल्लोबला ते जमत होतं. 1999च्या व्रोत्स्वाफ ग्रांप्रीच्या अंतिम शर्यतीत स्वीडनचा जिमी निल्सन पुढे होता. शेवटच्या फेरीत गोल्लोबनं गाडी थेट कुंपणालगत घातली आणि बाहेरून त्याला गाठून मागे टाकलं. प्रेक्षकांपैकी कितीजणांनी त्या क्षणी श्वास घेतला असेल, शंकाच आहे.

खरं तर ते वर्षच त्याचं होतं. 1995 साली विश्वविजेतेपद एका रात्रीच्या अंतिम सामन्याऐवजी ग्रांप्रीच्या मालिकेवर ठरू लागलं, आणि त्या मालिकेतली पहिलीच शर्यत गोल्लोबनं जिंकली होती, तीही व्रोत्स्वाफलाच. 1997 आणि 1998 साली कांस्य. 1999 साली शेवटची फेरी उरली तेव्हा तो आघाडीवर होता. तेवढ्यात देशांतर्गत शर्यतीत अपघात झाला. दुखऱ्या अंगानं तो डेन्मार्कला गेला, उतरलाही, पण हातातोंडाशी आलेला घास स्वीडनच्या टोनी रिकार्डसननं नेला.

पोलंडला या घासाची किती भूक होती ते समजण्यासाठी 1973 सालात जावं लागतं. खोझूव्हच्या अवाढव्य मैदानात लाखाच्या वर गर्दीसमोर येझी श्चाकिएल आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर यांचे गुण सारखे झाले. निर्णायक शर्यतीत मॉगर पडला आणि पोलंडला पहिला विश्वविजेता मिळाला. त्यानंतर दशकं उलटली, दुसरा काही मिळेना. गोल्लोबच्या खांद्यावर ही उधारी होती.

पुढची दहा वर्षं त्यानं क्लब बदलले, पदकं जमवली, देशाला सांघिक जगज्जेतेपदं मिळवून दिली. 2004 साली तो तार्नूव्हला गेला आणि त्या क्लबनं लागोपाठ दोनदा लीग जिंकली. 2007 साली वडील चालवत असलेलं छोटं विमान तार्नूव्हजवळ कोसळलं. आत तो आणि सहकारी रुने होल्टा होते. सगळे वाचले. इतर कुणाच्या चरित्रात हा प्रसंग अख्खं प्रकरण झाला असता.

2010 साली, वयाच्या 39व्या वर्षी, इटलीतल्या तेरेंझानोला एक फेरी शिल्लक असतानाच विजेतेपद नक्की झालं. श्चाकिएलनंतर 37 वर्षांनी. दुसऱ्या क्रमांकावर होता यारोस्वाफ हाम्पेल, तोही पोलिश. आणि मालिकेची शेवटची फेरी होती बिडगोश्चला! नशीब कधी कधी असा हिशेब चुकता करतं.

एप्रिल 2017 मध्ये हेल्मनोला मोटोक्रॉसच्या मार्गावर तो पडला. पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत आहे. ज्या खेळानं आयुष्यभर हाडं मोडली त्यात नव्हे, दुसऱ्याच खेळात हे घडलं. यावर तत्त्वज्ञान सांगण्याचा मोह मी टाळतो.

गोझूव्हच्या संघात गोल्लोबच्या शेवटच्या वर्षांत एक पोरसवदा स्वार आला होता, बार्तोश झ्मारझलिक. 2019 ते 2025 या काळात त्यानं सहा विश्वविजेतेपदं मिळवली आणि मॉगर-रिकार्डसनची बरोबरी केली. गोल्लोबचं एकच. आकड्यांच्या तराजूत शिष्याचं पारडं जड आहे, आणि नियमितपणात, शिस्तीत तो सरस आहे यात वाद नाही. पण मागून पुढे जाण्याची कला म्हणाल तर माझं मत गोल्लोबला. व्रोत्स्वाफची ती 1999ची शर्यत शोधून बघाच, आणि बघताना पुढच्या गाडीकडे लक्ष देऊ नका. बाहेरचं कुंपण बघत राहा.