सेनियो नदीचा बांध तीनदा ओलांडणारा निमजचा शिपाई

नांदेड-लातूरच्या मैदानांवर सैन्यभरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांना नामदेव जाधव हे नाव माहीत असायलाच हवं. जन्म 1921 चा, गाव संगमनेर तालुक्यातलं निमज. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत साधा शिपाई, काम कंपनीचे निरोप पोहोचवण्याचं.

9 एप्रिल 1945, दुसरं महायुद्ध, इटली. सेनियो नदीच्या पूर्वेकडच्या बांधावर जर्मन मशीनगन धडधडत होत्या. नदी पार करताना कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, त्यांच्यासोबतचे बाकीचे, जाधव सोडून, सगळे पडले. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग दुसऱ्यासाठी पुन्हा गेले.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं! ते तिसऱ्यांदा बांध ओलांडून गेले आणि टॉमीगनने एक मशीनगन चौकी गप्प केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा रांगत बांधाच्या माथ्यावर आले, मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. अशा आणखी दोन चौक्या उडवल्या. मग तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या तुकड्यांना हात करून पुढे बोलावलं.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्याच इटलीत, 1944 च्या जुलैत, रेजिमेंटचेच यशवंत घाडगे धारातीर्थी पडले होते आणि त्यांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला होता. जाधव मात्र परतले, हवालदार झाले आणि 1984 पर्यंत जगले.