पृथ्वीगोल आणि मोबाइलचा पडदा

जगाचा भूगोल शिकविताना खेड्यातील शिक्षकापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. देशांची नावे मुलांस पाठ होतात. परंतु तो देश कोणत्या दिशेस आहे, केवढा आहे व किती दूर आहे, याचे चित्र त्यांच्या मनात उमटत नाही. २००५ साली संगणकासाठी निघालेले ‘गूगल अर्थ’ आता मोबाइलवरही चालते. त्यावर पृथ्वीगोल बोटाने फिरविता येत असल्यामुळे ही अडचण पुष्कळ अंशी दूर होऊ शकते.

तथापि साधन हाती आले म्हणजे ज्ञान आले, असे नव्हे. पडद्यास बोट लावताच उत्तर मिळाले, तर मुलास विचार करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून आधी अंदाज, मग पडताळा आणि शेवटी वहीत रेखाटन, असा क्रम ठेवावा.

उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगर हे सुमारे २० अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. या वृत्तावरून सरळ पश्चिमेस गेल्यास कोणते प्रदेश लागतील, हे मुलांनी प्रथम पाटीवर लिहावे. नंतर गोल फिरवावा. अरबस्तान, सुदान, सहारा, क्यूबा, मेक्सिको, हवाई, व्हिएतनाम, म्यानमार व ओडिशा अशी प्रदक्षिणा पूर्ण होते. एकाच वृत्तावर सहाऱ्याची वाळू आणि व्हिएतनामची भातखाचरे कशी, हा प्रश्न मुलेच विचारतील. सूर्याचे तापणे सारखे असले तरी पाऊस वाऱ्यांवर व समुद्राच्या सान्निध्यावर अवलंबून असतो, हे त्यांस तेथेच समजावून द्यावे.

सपाट नकाशा दाखविणाऱ्या ॲपविषयी मात्र सावध राहावे. त्यांपैकी अनेक ॲप मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी योजिलेल्या पद्धतीवर आधारलेली आहेत. तीत दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवांजवळचे प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलंड भारताहून मोठे दिसते. वस्तुतः ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, तर भारताचे ३२.८ लाख आहे. याचे कारण समजण्यास आपल्याकडची मोसंबी पुरे. तिची साल सपाट पसरू गेल्यास ती फाटते अथवा ताणावी लागते. नकाशाचेही तसेच होते.

इतिहासाची जोडही द्यावी. १६१० साली खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसविणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. तेथून दख्खनपर्यंतचे अंतर ॲपवर मोजताना दूरचा देश मुलांस आपला वाटू लागतो.

वर्गात एकच मोबाइल असल्यास पाच-सहा मुलांचे गट करावेत. एक गट पडदा पाहील तेव्हा इतरांनी नकाशा रेखाटावा. गावात नेटवर्क नसेल, तर आवश्यक चित्रे आधीच साठवून आणावीत. देशाच्या सीमांबाबत मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा प्रमाण मानावा.

पाठ साधला की नाही, याची परीक्षा मोबाइल बाजूस ठेवून घ्यावी. मुलाच्या हाती एक चेंडू व खडू द्यावा. त्यावर त्याने विषुववृत्त काढून आपले गाव व मेक्सिको अदमासे दाखविले, तर भूगोल पडद्यावरून मनात उतरला, असे समजण्यास हरकत नाही.